आक्काबाईची रिकामी ओळ

मी सोलापुरातल्या एका धर्मादाय डोळ्यांच्या दवाखान्यात कॉम्प्युटरवर काम करते. घरी आम्ही तेलुगू बोलतो. वडील यंत्रमागावर टॉवेल विणायचे, आई विड्या वळायची, आणि मी मराठी शाळेत शिकले. कॉलेज झाल्यावर एका क्लासमध्ये डेटाबेसचा कोर्स केला आणि त्या जोरावर दवाखान्यात लागले. पहिली दोन वर्षं नुसते केसपेपर टाइप केले. पेशंट मी लांबूनच बघायचे. माझी खोली मागच्या बाजूला, औषधांच्या खोक्यांना लागून होती आणि मला तीच बरी वाटायची.

आमच्या दवाखान्याची गाडी गावोगाव जाऊन मोतीबिंदूची शिबिरं घेते. शाळेच्या वर्गात किंवा देवळाच्या मंडपात टेबल मांडायचं, डोळे तपासायचे, ज्यांना ऑपरेशनची गरज आहे त्यांना गाडीत बसवून सोलापूरला आणायचं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असला तरी एका वेळी एकाच डोळ्याचं ऑपरेशन होतं. दुसऱ्यासाठी काही महिन्यांनी परत यावं लागतं, आणि बायका परत येत नाहीत. एका डोळ्याने भाकरी थापता येते, शेरडं राखता येतात, मग घरातलं कुणीच दुसऱ्या डोळ्याचं नाव काढत नाही.

मोठ्या डॉक्टर मॅडमना ही गोष्ट फार लागायची. एक दिवस त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि विचारलं, की कुणाकुणाचा दुसरा डोळा राहिलाय त्याची यादी तू काढून देशील का? गाडी आपण पाठवू. मी लगेच हो म्हणाले. शिबिराच्या वह्या कॉम्प्युटरवर चढवलेल्या होत्या, ऑपरेशनच्या नोंदी वेगळ्या होत्या. दोन्ही जुळवून बघायचं, एवढंच तर काम होतं.

पहिली यादी मी दोन दिवसांत दिली आणि तिची चांगलीच फजिती झाली. गाडी चालवणारे काका, जे गेली कित्येक वर्षं शिबिरांना जातात आणि निम्म्या जिल्ह्याला तोंडओळखीने ओळखतात, ते संध्याकाळी माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. यादीतल्या पहिल्याच म्हातारीचे दोन्ही डोळे केव्हाच झाले होते. तिने काकांना विचारलं होतं, तिसरा डोळा कुटं हाय मला? पुढच्या गावातही तेच. काका रागावले नव्हते. हसत होते, आणि त्यामुळे मला जास्तच कानकोंडं झालं.

चूक कुठे आहे ते शोधायला वेळ लागला नाही. शिबिरात नाव लिहून घेणारा माणूस दर वेळी वेगळा असायचा. समजा एखादीचं नाव नदीवरून ठेवलेलं आहे. शिबिराच्या वहीत ती गंगाबाई असायची. दुसऱ्या डोळ्यासाठी आपली आपण आली, तर दवाखान्यात नुसती गंगा. अक्कलकोटकडची, कानडी बोलणारी असेल तर गंगव्वा, आणि आमच्या पूर्व भागातली, आमच्यासारख्या तेलुगू घरातली असेल तर गंगम्मा. माणसाला कळतं की बाई एकच आहे. कॉम्प्युटरला या चार वेगळ्या बायका वाटतात. त्याच्या हिशेबी गंगाबाईचा दुसरा डोळा राहिलेलाच होता, कारण दुसरा डोळा झाला होता तो गंगाचा.

तेव्हा नावामागचे हे जोड काढून टाकायचे आणि उरलेलं नाव, गाव आणि वय यांवरून जुळणी करायची, असं मी ठरवलं. माहितीच्या साठ्याला जो प्रश्न लिहून विचारतात त्याला क्वेरी म्हणतात. त्या क्वेरीतच सांगायचं, की नावाच्या शेवटी 'बाई' असेल तर ते कापून टाक. त्यासाठी एक तयार हुकूम असतो. मी तो वापरला आणि सकाळभर खूश होते. दुपारी नावं वाचायला घेतली, तर फुलाचं नाव असलेल्या एका गुलाबबाईची नुसती 'गुल' झालेली. सईबाईचा राहिला होता फक्त 'स'. त्या हुकमाला 'बाई' हा शब्द म्हणून कळतच नव्हता. ब, काना आणि ई ही तीन सुटी चिन्हं त्याने धरली होती, आणि शेवटून यांपैकी काहीही दिसलं की तो खातच सुटायचा. काकांना मी हे दाखवलं. ते म्हणाले, "ताई, शेळीला पाला दावला की ती फांदीबी सोडत न्हाय."

मग मी नीट बसले. शेवटची अक्षरं मोजून बघायची, ती तंतोतंत 'बाई' असतील तरच तेवढीच कापायची, असं लिहिलं. तसंच 'ताई'चं, 'व्वा'चं, 'म्मा'चं, 'आक्का'चं. शेवटी काना राहिला तर तोही काढायचा, म्हणजे गंगाबाई असो की गंगव्वा, दोघींची 'गंग' होऊन जुळतात. काही नावांना तर दोन-दोन जोड होते. गंगव्वाच्या पुढे कुणीतरी आदराने पुन्हा बाई लावलेलं. म्हणून एकामागून एक सगळे जोड तपासायचे, असं ठेवलं. वहीतून चढवताना मध्ये पुष्कळ कोऱ्या ओळी आल्या होत्या. त्यांचा त्रास नको म्हणून शेवटी एक अट घातली, की नाव रिकामं असेल ती ओळ सोडून दे.

ही यादी बरोबर निघाली. काका गावोगाव गेले, नावं वाचली, आणि बायका आल्या. एकेका फेरीत गाडी भरून येऊ लागली. मॅडमनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. आईला मी घरी जाऊन सांगितलं, तर तिने विडीचं पान कापता कापता विचारलं, की मग माझ्या नावातलं काय काय काढलंस? तिच्या नावाच्या शेवटी 'म्मा' आहे. रेशनकार्डावर कुणीतरी त्याचं 'बाई' केलंय. मी म्हणाले, दोन्ही काढलं. ती म्हणाली, मग अर्धीच राहिले की मी, आणि पुन्हा पान कापू लागली. मी हसून सोडून दिलं.

त्यानंतर महिन्याभराने मॅडमनी मला वॉर्डात पाठवलं. ऑपरेशनच्या आधी मनगटावर बांधायच्या पट्ट्या आणि यादी यांची ताडणी करायची होती. मंगळवेढ्याच्या पलीकडच्या एका वस्तीवरची बाई खाटेवर पाय दुमडून बसली होती. हिरवं लुगडं, कपाळावर गोंदण. मी नाव विचारलं, पट्टी बांधली आणि पुढच्या खाटेकडे वळले, तर तिने माझा हात धरला.

"पोरी, माझ्या जावंला का न्हाय बलावलं?"

तिचं म्हणणं असं होतं, की पहिल्या डोळ्याच्या वेळी दोघी जावा एकाच गाडीतून आल्या, शेजारशेजारच्या खाटांवर झोपल्या, एकाच दिवशी पट्टी सोडली. आता हिला बोलावणं आलं आणि मोठीला आलं नाही. गाडी आली तेव्हा मोठी जाऊ पिशवी भरून रस्त्यावर येऊन बसली होती. काकांनी नावं वाचली, हिचं आलं, तिचं आलं नाही. ती पिशवी घेऊन घरी गेली. मी नाव विचारलं. ती म्हणाली, आक्काबाई.

मी खोलीत जाऊन शिबिराची नोंद काढली. ती तिथे होती. आक्काबाई, उजवा डोळा झालेला, डावा बाकी. मग क्वेरी एकेक पायरी करून चालवली. पहिल्या पायरीला 'बाई' गेलं, उरलं 'आक्का'. पाचव्या पायरीला 'आक्का' हासुद्धा जोड समजून कापला गेला. नावाच्या जागी काही उरलं नाही. आणि रिकाम्या ओळी सोडून दे, असं मीच सांगून ठेवलं होतं.

मी त्या रिकाम्या चौकटीकडे बघत बसले. माझ्या आईला अर्धी केल्याचा विनोद मी हसण्यावारी नेला होता. इथे एक अख्खी बाई गेली होती आणि मला पत्ताही नव्हता. अट काढून पुन्हा बघितलं, तर तशा आणखी चार ओळी निघाल्या. दोघींचं नाव नुसतं बाई होतं, दोघींचं ताईबाई.

मी मॅडमच्या केबिनमध्ये गेले. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. बोलणी बसतील अशी तयारी ठेवली होती. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि विचारलं, की त्या पाचही जणी सापडल्या का? मी म्हणाले, कागदावर सापडल्या. त्या म्हणाल्या, "मग आता खऱ्या शोध. काकांबरोबर तू जा."

मी आजवर गाडीत बसले नव्हते. सकाळी निघालो. मंगळवेढ्यापुढे काळ्या रानात ज्वारी डोक्याएवढी, कणसं भरत आलेली, आणि राखणीला बसलेल्या बायांच्या आरोळ्या. काका वाटेत म्हणाले, की नावं मी वाचली, ती म्हातारी माझ्यासमोर बसली होती, मला तोंड ओळखीचं वाटलं, पण कागदावर न्हाय म्हणून मी पुढं गेलो. मलाही लागलंय ते, ताई.

वस्ती म्हणजे चार घरं, बाभळीच्या काट्यांचं कुंपण आणि मेंढरांचा वाडा. आक्काबाई वाड्याच्या तोंडाशी बसली होती, मांडीवर दोनेक दिवसांचं कोकरू. गाडीचा आवाज ऐकून तिने मान वळवली, आधी उजवी बाजू पुढे करून, जशी एका डोळ्याने बघणारी माणसं करतात. सून आतून पाणी घेऊन आली. मी आक्काबाईजवळ जमिनीवर बसले.

मी म्हणाले, "आजी, मी दवाखान्यातनं आलेय. तुमचं नाव माझ्या हातून पुसलं गेलं. म्हणून तुम्हाला बोलावणं आलं नाही."

"पुसलं म्हंजी?"

मी सांगितलं. बायकांच्या नावामागचं बाई काढायचं होतं, ते काढलं. आक्का काढायचं होतं, तेही काढलं. तिने नीट ऐकून घेतलं.

"मग उरलं काय?"

"काहीच नाही उरलं."

ती हसायला लागली. कोकरू दचकून उठलं, तिने त्याला परत मांडीवर दाबलं. "आगं, मी तर हितंच हाय की," ती म्हणाली.

मग तिने आपणहून नावाची गोष्ट सांगितली. तिच्या पाठीवर तीन भाऊ झाले. ती थोरली, म्हणून ते तिला आक्का म्हणायचे. बारशात काय नाव ठेवलं होतं ते आईला ठाऊक होतं, पण आई लवकर गेली आणि कुणी विचारलंही नाही. लग्नात नवऱ्याकडच्यांनी आक्कापुढे बाई लावलं. तिला त्याचं वाईट वाटत नव्हतं. ती म्हणाली, की भावांनी हाक मारलेलं नाव हाय, लई चांगलं हाय. त्या दिवशी गाडीपाशी तिला वाटलं होतं, की डॉक्टरांनी आपला डावा डोळा बघूनच काहीतरी ठरवलं असेल. आता उपेग नसंल, म्हणून नाव घेतलं नसंल. हे तिने साधेपणाने सांगितलं. तेव्हापासून ती तसंच समजून राहिली होती.

मी म्हणाले, तसं काही नाही, आत्ता चला, गाडी तुमच्यासाठीच आणलीय. तिने मान हलवली. मेंढ्या व्यायला आल्या होत्या, मुलगा बाकीचा कळप घेऊन लांब चारायला गेला होता, आणि सून एकटी पडली असती. मी आग्रह धरला. काकांनी मला डोळ्याने खुणावलं, गप्प बस. ते तिला म्हणाले, की किती दिवसांनी येऊ? तिने बोटांवर मेंढ्या मोजल्या आणि म्हणाली, पंधरा दिवसांनी या. शेळीच्या दुधाचा चहा झाला. परत निघताना मला वाटलं, की आपण हात हलवत चाललोय. काका म्हणाले, यायचं नसतं तर तिने दिवस सांगितला नसता.

त्या पंधरा दिवसांत मी क्वेरी पुन्हा लिहिली. मूळ नावाला आता हात लावायचा नाही, ते जसं लिहिलंय तसं राहणार. जोड काढलेलं नाव शेजारच्या रकान्यात, फक्त जुळवणीपुरतं. जोड काढून दोन अक्षरंसुद्धा उरत नसतील तर कापायचंच नाही. आणि ज्या ओळी क्वेरी सोडून देईल त्यांची वेगळी यादी रोज छापून निघेल आणि ती मी स्वतः वाचेन. शेवटचं कलम मॅडमनी सुचवलं. उरलेल्या चौघींपैकी दोघींना काकांनी आणलं, एकीने आधीच पंढरपुरात ऑपरेशन करून घेतलं होतं. चौथी दोन वर्षांपूर्वीच वारली होती. तिच्या बाबतीत माझ्याकडून काही राहिलं नव्हतं, तरी ती ओळ बंद करताना मी जरा थांबले.

पंधराव्या दिवशी आम्ही वस्तीवर पोचलो, तर आक्काबाई रस्त्यावर पिशवी घेऊन बसलेली. गाडी थांबली. मी खाली उतरले, माझ्या हातात यादी होती, तिच्यात एकच नाव होतं. गाडीत दुसरं कुणी नव्हतं, नाव वाचायची काही गरज नव्हती. मी तरी वाचलं. ती म्हणाली, "व्हय, मीच," आणि उठली.

मॅडमनी डोळा तपासला तेव्हा मी दाराशी उभी होते. मोतीबिंदू चांगलाच पिकला होता, आणखी उशीर झाला असता तर अवघड गेलं असतं, असं त्या म्हणाल्या. ऑपरेशन नेहमीपेक्षा लांबलं. मी पहिल्यांदाच बाहेरच्या बाकावर नातेवाइकांसारखी बसून राहिले, धाकट्या जावेशेजारी. ती तपासणीसाठी आली होती आणि मोठी आलीय म्हटल्यावर थांबली होती. तिने मला शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी दिली. मी जेवले.

दुसऱ्या दिवशी पट्टी सोडली. आक्काबाईने आधी उजवा डोळा हाताने झाकला आणि नुसत्या डाव्याने वॉर्डभर बघितलं. खिडकी, पंखा, जाऊ. मग माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, काही मोठं बोलेल. ती म्हणाली, "लई वाळलीयास की गं. जेवतीस का न्हाय?" जाऊ खो खो हसली. मीही हसले, आणि मग मला रडू आलं. ते तिला दोन्ही डोळ्यांनी दिसलं. तिने पदराने माझं तोंड पुसलं. नर्सने तिला ओरडून सांगितलं, की हात वर करू नका.

जाताना तिने मला कॉम्प्युटरवर आपलं नाव दाखवायला सांगितलं. तिला वाचता येत नव्हतं. मी तिला माझ्या खोलीत खुर्चीवर बसवलं आणि अक्षरं मोठी केली. ती पुढे वाकली, विचारलं, यातलं आक्का कुठलं आणि बाई कुठलं. मी बोट ठेवून दाखवलं. आता न्हाय ना ते पुसलं जायचं? तिने विचारलं. मी म्हणाले, नाही जायचं.

आता मी महिन्यातून दोनदा शिबिराला जाते. नावं लिहून घेणारं टेबल माझं. केसपेपरवर आम्ही एक जागा वाढवलीय, घरात काय हाक मारतात तिची. बायका आधी लाजतात, मग सांगतात, आणि कधी मागच्या बाईला ते ऐकून हसू येतं. रांग जरा हळू सरकते. काका कुरकुर करतात, पण पाण्याचा हंडा माझ्या टेबलाजवळच ठेवतात.

मागच्या शिबिराला मंगळवेढ्याजवळच्या एका शाळेत वऱ्हांड्यात टेबल मांडलं होतं. पेन उघडतेय तोवर आक्काबाई आली. तिचं काही दुखत नव्हतं. पाठोपाठ तिने सहा बायका आणल्या होत्या, आजूबाजूच्या वस्त्यांवरच्या, काही तिच्याहून म्हाताऱ्या. एकीला तर तिने मनगट धरून चालवत आणलं होतं. तिने त्यांना रांगेत उभं केलं, स्वतः टेबलाच्या बाजूला येऊन थांबली आणि पहिलीला म्हणाली, "नाव नीट सांग. पुरं सांग. ही पोरगी लिवून घेतीया."

ती बाई पदर सारखा करून पुढे आली. मी लिहायला घेतलं.